बायोरिअ‍ॅक्टरमध्ये उसाची रोपं : आधी काय, मग काय

"बाटल्यांत छान चालतंय हो, बायोरिअ‍ॅक्टरमध्ये घातलं की तिसऱ्या आठवड्याला सगळं जातंय. काय करू?" उसाची टिश्यू कल्चर रोपं, म्हणजे शेंड्याच्या कोंबापासून प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं, करणाऱ्यांचा असा फोन मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. आमच्या बेळगाव जिल्ह्यात कधी रायबागकडून, कधी हुक्केरीकडून, परवा एक खानापूरहून आला. खोदून विचारलं की बहुतेकांनी तेच केलेलं निघतं: सेट विकत आणला, त्याच आठवड्यात त्यात फुटव्यांचे झुपके टाकले आणि टायमर कुणीतरी सांगितला तसा लावून दिला. मधल्या तीन-चार पायऱ्या गाळलेल्या. या लेखात मी त्याच पायऱ्यांवर जास्त वेळ काढणार आहे.

लॅमिनारखाली, म्हणजे जंतू गाळलेल्या हवेच्या कपाटात, हात बसलेल्या माणसासाठी हे लिहिलंय. साध्या बाटल्यांत किमान सहा महिने काम केलं नसेल तर बायोरिअ‍ॅक्टरच्या वाटेला जाऊ नका, पैसे बुडतील. बाटलीत बुरशी आली तर एक बाटली जाते. इथं एका भांड्यात कितीतरी बाटल्यांचा माल असतो.

मी दोन बाटल्यांच्या सेटबद्दल बोलतोय. खालच्या बाटलीत मीडिया (रोपाचं पातळ खाद्य), वरच्या बाटलीत झुपके, दोन्हींना जोडणारी सिलिकॉनची नळी आणि दोन्हींवर एकेक हवेचा फिल्टर. पंपाची हवा खालच्या बाटलीत शिरली की मीडिया नळीतून वर चढतो, झुपके बुडतात. पंप थांबून हवा सुटली की मीडिया खाली उतरतो आणि वरच्या बाटलीत फिल्टरमधून ताजी हवा ओढली जाते. चोवीस तासांतली जेमतेम दहा मिनिटं रोप पाण्यात, बाकी सगळा वेळ ओल्या हवेत. कायम पाण्यात ठेवलं की ऊस गुदमरतो आणि काचेसारखा होतो. पुढची सगळी धडपड या दहा मिनिटांसाठी आहे.

## टप्पा १ : लागणीपासून उलटा हिशोब

आधी कॅलेंडर घ्या. समजा आडसालीला, म्हणजे १५ जुलैच्या पुढं, रोपं द्यायची आहेत. हार्डनिंगला (रोप बाहेरच्या हवेला सरावायला) सहा ते आठ आठवडे लागतात, वर थोडी सवड धरायची, म्हणजे मेच्या सुरुवातीला रोप भांड्यातून बाहेर पाहिजे. मुळं फुटायला दोन-तीन आठवडे, म्हणजे एप्रिलच्या मध्यात फुटव्यांची वाढ थांबवायची. चार आठवड्यांची एक फेरी आणि फेरीला पाचपट धरली तर १०० झुपक्यांचे ५००, मग २,५००, मग १२,५००. तीन फेऱ्यांचे बारा आठवडे, म्हणजे पहिलं भांडं जानेवारीच्या मध्यात भरायचं. त्याआधी शेंडा काढणं, तपासणी आणि साधी बाटली यांचे तीन महिने. म्हणजे शेंडा कापायचा सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात.

हे आपल्या हवामानाला बरं जुळतं. जानेवारी-फेब्रुवारीत लावलेला सुरू ऊस तेव्हा आठ महिन्यांचा असतो, शेंडा कोवळा आणि जोमदार मिळतो, आणि पाऊस ओसरत आलेला असतो. जूनमध्ये खानापूर, बेळगावच्या बाजूला शेंडे काढायला बसाल तर निम्मे बुरशीला जातील. मी दोन वर्षं बसलो, म्हणून सांगतो.

रोपं किती लागतील? पाच फुटी सरी आणि दोन फुटांवर रोप धरलं तर एकरी ४,३५६. दोन-तीन एकरांच्या मागणीसाठी बायोरिअ‍ॅक्टर मांडायची काहीच गरज नाही, साध्या बाटल्या स्वस्त पडतात.

## टप्पा २ : शेंडा आणि तो उसाच्या ज्या बेटातला आहे ते बेट

टिश्यू कल्चर केलं की रोग आपोआप जातात, हा समज अजून जात नाही. मोझॅक, पिवळ्या पानांचा विषाणू, गवताळ वाढ हे सगळं शेंड्याबरोबर बाटलीत येतं आणि पाचपटीनं वाढतं. म्हणून बेणं ओळखीच्या ठिकाणचं घ्या. को ८६०३२ असो की आणखी कुठला वाण, शुद्ध बेण्यासाठी आणि सल्ल्यासाठी आपल्याला संकेश्वरचं कृषी संशोधन केंद्र, बेळगावची एस. निजलिंगप्पा शुगर इन्स्टिट्यूट आणि पलीकडं पुण्याजवळच्या मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. शेजाऱ्याच्या फडातला "भारी दिसणारा" ऊस हे बेणं नव्हे.

१. टिपऱ्यांना (बेण्याच्या कांड्यांना) बाष्पयुक्त गरम हवेची प्रक्रिया करून घ्या, ५४ अंश सेल्सिअस, ४ तास. सोय नसेल तर ५० अंशांच्या गरम पाण्यात २ तास. त्या टिपऱ्या वेगळ्या वाफ्यात लावा आणि शेंडे त्याच बेटांतून घ्या.

२. शेंडा कापण्याआधी त्या बेटांची पानं विषाणू तपासणीला पाठवा. निकाल आल्याशिवाय पुढचं काम चालू ठेवलं तरी चालेल, पण निकाल आल्याशिवाय बायोरिअ‍ॅक्टर भरायचा नाही.

३. शेंड्याची बाहेरची पानं सोलून १० ते १५ सेंटिमीटरचा तुकडा ठेवा. साबणाचे दोन थेंब टाकलेल्या पाण्यानं धुवा, मग ०.१ टक्का कार्बेन्डाझिममध्ये (बुरशीनाशक) अर्धा तास.

४. लॅमिनारखाली ७० टक्के अल्कोहोलमध्ये अर्धा मिनिट, मग ०.१ टक्का मर्क्युरिक क्लोराइडमध्ये ५ ते ८ मिनिटं, मग निर्जंतुक पाण्यानं चार वेळा धुणं.

सावधान: मर्क्युरिक क्लोराइड हे जहर आहे. हातमोजे पाहिजेतच, आणि वापरलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही. वेगळ्या कॅनमध्ये साठवून घातक कचरा म्हणून द्यायचं. मोरीतून ते विहिरीत जातं, आणि विहीर आपलीच असते.

५. पानं एकेक करून उलगडत आतला कोंब काढा. विषाणूमुक्त लाइन (एका शेंड्यापासूनची सगळी रोपं) करायची असेल तर अर्धा ते एक मिलिमीटरच घ्या. मोठा घेतला तर लवकर जगतो, पण विषाणूही बरोबर घेऊन येतो.

ऊस कापला की काळा पडतो. पहिले दहा दिवस दर दोन-तीन दिवसांनी तुकडा ताज्या मीडियात हलवा. नुसत्या या हलवण्यानं निम्मं काळेपण जातं. काळेपण रोखणारं अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल किंवा पीव्हीपी घालायचं ते त्याच्या जोडीला.

## टप्पा ३ : साध्या बाटलीत तीन सबकल्चर, आणि ताकाची परीक्षा

सगळ्यात जास्त लोक घसरतात ते इथं. बाटली स्वच्छ दिसते म्हणजे ती स्वच्छ आहे असं नाही. उसाच्या आत राहणारे काही जिवाणू मीडियात गप्प पडून असतात, महिनोन् महिने दिसत नाहीत. त्यांना दिवसातून चारदा ताजी हवा आणि ढवळलेली साखर मिळाली की दहा-बारा दिवसांत अख्खं भांडं पांढुरकं होतं. लोक म्हणतात फिल्टर खराब होता, लॅमिनार खराब होतं. चोर आधीपासून घरातच असतो.

आमच्याकडं माल हलवायचं काम करणाऱ्या अक्का आहेत, वीस वर्षं बाटल्याच बघताहेत. पहिल्या खेपेला त्यांनीच मला हाक मारली, "दादा, हे ताक झालंय बघा की." मी मीडियातली साखर खाली बसली असेल म्हणालो. त्यांनी भांडं उचललं, मागं वर्तमानपत्र धरलं आणि म्हणाल्या, "वाचा." छोट्या जाहिरातीतली अक्षरं धुक्यातून दिसावीत तशी दिसत होती. तेव्हापासून प्रत्येक भांड्यामागं वर्तमानपत्र धरणं हा आमचा रोजचा नेम.

करायचं असं:

प्रत्येक शेंड्यापासूनची लाइन वेगळी ठेवा, तिला नंबर द्या. दोन लाइनी कधीही मिसळू नका. दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानं तीन सबकल्चर (झुपके फोडून ताज्या मीडियात हलवणं) साध्या बाटलीतच करा. प्रत्येक वेळी प्रत्येक लाइनच्या पाच-सहा झुपक्यांच्या बुडाचा गव्हाएवढा तुकडा कापून न्यूट्रिअंट ब्रॉथच्या (जिवाणू वाढवणाऱ्या पातळ खाद्याच्या) परीक्षानळीत टाका, ३० अंशांवर सात दिवस ठेवा. एक नळी बिनतुकड्याची, तुलनेला. गढूळ झाली ती लाइन बाद. "एवढी चांगली फुटलीय, एक डाव बघूया" असं म्हणायचं नाही.

तपासणी: लागोपाठ दोन सबकल्चरला ब्रॉथ स्वच्छ, विषाणूचा निकाल स्वच्छ, झुपके हिरवे आणि ताठ. तिन्ही झालं तरच टप्पा ७. टप्पा ४ ते ६ तोवर शेजारी चालू ठेवता येतात, त्यात रोप लागत नाही.

## टप्पा ४ : सेट जोडणं, रिकामा

वस्तूंपैकी तीन गोष्टींवर पैसे वाचवू नका: फिल्टर, व्हॉल्व्ह आणि टायमर.

फिल्टर ०.२ मायक्रॉनचा आणि पाणी न धरणारा पाहिजे. दिसायला दोन्ही जातींचे फिल्टर सारखेच असतात. मला एका दुकानदारानं पाणी धरणारे फिल्टर गळ्यात मारले; पहिल्याच ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेनं निर्जंतुक करणारं यंत्र) भिजले, हवा जाईना आणि मीडिया वर चढेना. तेव्हापासून प्रत्येक खोक्यातला एक फिल्टर घेऊन सिरिंजनं हलकेच पाणी ढकलून बघतो. पलीकडं पाणी आलं तर खोकं परत.

व्हॉल्व्ह तीन तोंडांचा घ्या: वीज असताना पंपाची हवा बाटलीत सोडणारा आणि वीज गेली की बाटलीतली हवा आपोआप बाहेर सोडणारा. त्याच्या जोडीला वरची बाटली खालच्या बाटलीपेक्षा फूटभर उंच फळीवर ठेवा आणि तिच्यातली नळी तळाला टेकवा. आता वीज कधीही गेली तरी मीडिया स्वतःच्या वजनानं खाली उतरतो. दोन्ही बाटल्या एकाच टेबलावर शेजारी ठेवलेल्या मी अनेक ठिकाणी बघितल्यात. फोटोत छान दिसतात.

टायमर वीज गेल्यावर वेळ विसरणारा नको. आमचा पहिला टायमर विसरायचा. उन्हाळ्यात एका रात्री वीज तीनदा आली-गेली, टायमर मध्येच "चालू"वर अडकला आणि सहा भांड्यांतले झुपके सकाळपर्यंत बुडालेले राहिले. लगेच काही दिसलं नाही. आठवड्यानं पानं फुगली, पारदर्शक झाली, चिमटीत धरली की पापडासारखी मोडायला लागली. इन्व्हर्टर होता हो, पण त्यावर ट्यूबलाइट जोडलेल्या होत्या! टायमर आणि व्हॉल्व्हला मिळून मोजकीच वीज लागते, त्यांना छोट्या यूपीएसवर टाका. दिवे अंधारात राहिले तरी एका रात्रीत काही बिघडत नाही.

पंप मोठा लागत नाही. अर्धा मीटर उंच पाणी चढवायला ०.०५ बार दाब पुरतो. कॉम्प्रेसर वापरणार असाल तर तेल नसलेला, आणि रेग्युलेटर ०.२ ते ०.३ बारवर.

सावधान: काचेची बाटली दाबासाठी केलेली नसते. रेग्युलेटर न लावता कॉम्प्रेसर जोडू नका. फिल्टर तुंबला असेल तर वरची बाटली फुटू शकते.

जोडून झालं की प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावून पंप चालू करा. फेस फुगला तिथं गळती. टोपणांच्या रबरी चकत्या नव्या असतानाही गळतात, आणि ऑटोक्लेव्हच्या आठ-दहा फेऱ्यांनंतर नक्की गळतात.

## टप्पा ५ : साध्या पाण्यावर तीन दिवस

याला काही खर्च नाही, तरी कुणी करत नाही. खालच्या बाटलीत मीडियाइतकंच पाणी घाला आणि टायमर लावून तीन दिवस चालू द्या. वही घेऊन चार आकडे लिहा:

पाणी पूर्ण वर चढायला किती सेकंद लागतात. पूर्ण उतरायला किती. उतरल्यावर वरच्या बाटलीत किती मिलिलिटर शिल्लक राहतं. आणि भर फेरीत मेन स्विच बंद केला तर पाणी किती वेळात खाली येतं.

शिल्लक पाणी महत्त्वाचं. बुडाशी बोटभर मीडिया साठून राहिला तर तळातले झुपके कायम पाण्यातच बसतात, तुमचा टायमर काहीही सांगो. नळीचं टोक तिरकं कापा आणि बाटलीखाली त्या बाजूला उतार येईल अशी पट्टी सरकवा. दहा-पंधरा मिलिलिटरपर्यंत चालतं.

वर चढायला दीड मिनिट लागत असेल तर टायमरवरची दोन मिनिटं म्हणजे अर्ध्या मिनिटाचं बुडणं. एकाची वेळ दुसऱ्याला लागू पडत नाही ती यामुळंच. उसनी वेळ लावण्याआधी स्वतःचे सेकंद मोजा.

## टप्पा ६ : मीडिया, आणि रोपाविना एक आठवडा

पाण्यापासून सुरुवात करा. अथणी, रायबागच्या बाजूच्या बोअरचं पाणी जड असतं. नुसत्या आरओवर विसंबू नका, त्यापुढं डिस्टिल करा. नाहीतर डिस्टिलेशनच्या भांड्यात जमणारा पांढरा थर एक दिवस मीडियात दिसेल.

फुटव्यांसाठी मुराशिगे-स्कूगचा १९६२ पासून चालत आलेला एमएस मीडियाच घ्या, पूर्ण ताकदीचा, साखर लिटरला ३० ग्रॅम, आगर नाही. साध्या बाटलीत बीएपी, हे फुटवे आणणारं संप्रेरक, लिटरला १ मिलिग्रॅम वापरत असाल तर इथं ०.५ पासून सुरू करा. आगर नसलं की रोप सगळ्या अंगानं संप्रेरक ओढतं. जुना डोस तसाच ठेवला की केसांसारखे बारीक, गच्च आणि काचेसारखे फुटवे येतात आणि पुढं त्यांना मुळं फुटत नाहीत. पीएच ५.७ ते ५.८, मोजायचा ऑटोक्लेव्हच्या आधी. मीटर त्याच दिवशी बफरवर जुळवलेला पाहिजे.

ऑटोक्लेव्हबद्दल तीन सूचना:

सेट जोडलेला असतानाच आत घालायचा असेल तर नळीवरचे सगळे चिमटे उघडे ठेवा, फिल्टर अ‍ॅल्युमिनियमच्या कागदात सैल गुंडाळा. चिमटा बंद राहिला तर बाटली फुटते किंवा मीडिया उसळून फिल्टरमध्ये शिरतो.

वेळ १२१ अंश गाठल्यावर मोजायची. लिटरभर मीडियाला ३० मिनिटं, पाच लिटरच्या भांड्याला पाऊण तास किंवा जास्त. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे. काटा १५ पौंडांवर असला तरी आतलं तापमान इथं एखादी डिग्री कमीच भरतं. काट्यापेक्षा थर्मामीटरवर आणि निर्जंतुकीकरणाच्या पट्टीवर विश्वास ठेवा. आणि आतली साधी हवा पूर्ण निघून सरळ वाफ येईपर्यंत झडप बंद करू नका.

वाफ सावकाश सोडा. घाई केली की मीडिया उकळून वर येतो.

आता मुख्य गोष्ट. थंड झालेला सेट टायमरला जोडा आणि रोप न घालता सात दिवस चालवा, अगदी रोप असल्यासारखा. रोज वर्तमानपत्र. सातव्या दिवशी अक्षर स्वच्छ दिसलं तर तुमचे फिल्टर, सांधे आणि ऑटोक्लेव्ह निर्दोष. यापुढं गढूळ झालं तर दोष रोपाचा किंवा हाताचा, हे आपोआप ठरतं. ही पायरी गाळली की कारण शोधायला दोन महिने जातात. दर वेळी सगळ्या भांड्यांवर सात दिवस शक्य नसतात, मान्य; पण नवीन सेट, नवीन फिल्टर किंवा बदललेल्या चकत्या असतील तेव्हा कराच.

## टप्पा ७ : भरणं

लिटरच्या बाटलीत २५० ते ३०० मिलिलिटर मीडिया आणि १५ ते २० झुपके. झुपका तीन-चार फुटव्यांचा. एकेकटा फुटवा टाकू नका, तो पोसत नाही. फार कमी झुपके टाकले तर तेवढ्या मीडियात ते फुगतात, फार टाकले तर मधले कोरडे राहतात.

पानं दोन सेंटिमीटरवर छाटा, काळं बूड कापून टाका. सुरी दर झुपक्याला निर्जंतुक करायची, दर बाटलीला नव्हे. भरणाऱ्या माणसानं मध्ये फोन घेतला की हात पुन्हा अल्कोहोलनं. पावसाळ्यात लॅमिनार अर्धा तास आधी चालू करा आणि खोलीत पंखा नको. एका बसणीत एकच लाइन. भांड्यावर लाइन नंबर, सबकल्चरचा आकडा, तारीख आणि भरणाऱ्याचं नाव. नाव लिहायचं ते रागवायला नाही. कुणाच्या हातची भांडी जास्त जातात हे दोन महिन्यांत कळतं, आणि बहुतेक वेळा खुर्चीची उंची चुकलेली निघते.

## टप्पा ८ : बुडवण्याची वेळ बसवणं

खोली २५ अंश, दोन डिग्री इकडंतिकडं. उजेड १६ तास, २,००० ते ३,००० लक्स.

सुरुवात दर सहा तासांनी दोन मिनिटं प्रत्यक्ष बुडणं, या वेळेवर करा. मग रोप बघून बदला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदलल्यावर पाच दिवस हात लावायचा नाही. मला स्वतःला हे जड जातं. सकाळी काही दिसलं की संध्याकाळी टायमर फिरवावासा वाटतो.

तिसरा दिवस: मीडिया स्वच्छ, कापलेली बुडं किंचित तपकिरी. मीडिया चहासारखा झाला तर काढून नवा घाला.

सातवा दिवस: झुपक्याच्या बुडाशी नवे पांढुरके-हिरवे कोंब. पानांची टोकं सुकली, गुंडाळली तर बुडणं कमी पडतंय. सहाऐवजी चार तासांवर आणा.

दहावा ते बारावा दिवस: या दिवसांत वर्तमानपत्र दोनदा धरा. लपलेले जिवाणू याच सुमारास वर येतात.

चौदावा दिवस: पान उजेडासमोर धरा. आरपार दिसतंय, जाड आणि ठिसूळ आहे? मग बुडण्याची वेळ कमी करा किंवा अंतर आठ तासांवर न्या. तरी न थांबलं तर पुढच्या मीडियात बीएपी आणखी कमी करा. दोन फेऱ्यांच्या मध्ये मिनिटभर वरच्या बाटलीतून नुसती कोरडी हवा फिरवायची सोय असेल तर तीही चांगली. त्यासाठी वरच्या बाटलीला फिल्टर लावलेली हवेची वेगळी वाट लागते. कोंदटलेल्या भांड्यात इथिलीन साठतं, रोप खुरटतं.

एकवीस ते अठ्ठावीस दिवस: भांडं भरलेलं दिसतं. मोजा. पाचपट आली नाही म्हणून आणखी पंधरा दिवस ठेवायचा मोह होतो, पण तेव्हा मीडियात साखर उरलेली नसते आणि बुडातून कुजायला सुरुवात होते.

सावधान: गढूळ झालेलं भांडं खोलीत उघडू नका. नळ्यांसकट तसंच ऑटोक्लेव्हमध्ये, चिमटे उघडे ठेवून. मग फेकायचं. त्यातले "वरचे चांगले झुपके" वाचवायला गेलेला एक ओळखीचा माणूस पुढचे तीन महिने तोच जिवाणू सगळ्या भांड्यांतून काढत होता.

सबकल्चरची मोजदाद शेंडा काढल्यापासून चालू ठेवा, साधी बाटली आणि बायोरिअ‍ॅक्टर मिळून. आठच्या वर जाऊ नका. पुढं वाणाबाहेरची, पट्टेरी, बुटकी रोपं निघायला लागतात आणि ती शेतकऱ्याच्या सरीत सहा महिन्यांनी दिसतात. तोवर पैसे घेऊन झालेले असतात.

## टप्पा ९ : मुळं

हे सोपं आहे. भांडं न उघडता खालची बाटली तेवढी लॅमिनारखाली बदलायची. अर्ध्या ताकदीचा एमएस, लिटरला ५० ते ६० ग्रॅम साखर, मुळं आणणारं संप्रेरक एनएए ३ ते ५ मिलिग्रॅम, बीएपी अजिबात नाही. त्याआधी आठवडाभर बिनसंप्रेरकाच्या मीडियावर ठेवलं तर फुटवे उंच होतात आणि वेगळे करताना मोडत नाहीत. दोन-तीन आठवड्यांत मुळं बोटभर होतात. त्यापेक्षा लांब होऊ देऊ नका, गुंता सोडवताना तुटतात.

## टप्पा १० : हार्डनिंग

मुळांवरचा मीडिया कोमट पाण्यात पूर्ण धुवा. बोटांना चिकट लागतंय तोवर साखर आहे, आणि साखर आहे तिथं बुरशी येणार. दोन-तीन फुटव्यांचे गट करा, लहान-मोठे वेगळे. ०.१ टक्का कार्बेन्डाझिममध्ये बुडवून कोकोपीट आणि गांडूळखताच्या ट्रेमध्ये लावा. पानं तिसऱ्या हिश्श्यानं छाटा.

पहिले दोन आठवडे प्लास्टिकच्या बोगद्यात, आर्द्रता ८५ ते ९० टक्के. बायोरिअ‍ॅक्टरच्या रोपाच्या पानावर मेणाचा थर बारीक असतो, ते पाणी धरून ठेवू शकत नाही. काचेसारखं रोप इथं एका दुपारीत मान टाकतं, म्हणून तशी रोपं लावण्याआधीच बाजूला काढा. ट्रेची जागा तरी वाचेल. तिसऱ्या आठवड्यापासून बोगद्याची टोकं आधी संध्याकाळी, मग सकाळी उघडत जा. चौथ्या-पाचव्या आठवड्यात ५० टक्के शेडनेट.

आडसालीसाठी हे काम नेमकं मेमध्ये येतं. गोकाक, अथणीच्या बाजूला तेव्हा दुपारची हवा भट्टीसारखी असते, फॉगर दर अर्ध्या तासाला लागतो. खानापूर, बेळगावच्या बाजूला हेच काम सोपं जातं, पण जूनमध्ये पाऊस सुरू झाला की ट्रे झाकून ठेवायचे, नाहीतर बुडं कुजतात. माझे ओळखीचे दोघे जण प्रयोगशाळा पूर्वेला, गोकाक-अथणीकडं, आणि हार्डनिंग पश्चिमेला, खानापूर-बेळगावकडं, करतात. वाहतुकीचे पैसे जातात, पण मर कमी होते.

विक्री करणार असाल तर टिश्यू कल्चर रोपांच्या राष्ट्रीय प्रमाणन योजनेखाली प्रयोगशाळेची मान्यता आणि प्रत्येक बॅचची विषाणू व वाणशुद्धतेची तपासणी, हे टप्पा २ च्या आधीच माहीत करून घ्या. कागद मागाहून जमत नाहीत, कारण मातृबेटाची नोंद पहिल्या दिवसापासून लागते.

रोप देताना शेतकऱ्याला तोंडी सांगायचं असतं तेही वहीत लिहून ठेवलंय मी, कारण दर वेळी एक तरी विसरतो. सरी आदल्या दिवशी भिजवलेली पाहिजे. लावणी चार वाजल्यानंतर. पिशवी किंवा ट्रेच्या मातीची पातळी आणि सरीची पातळी एकच, कोंबात माती जाता कामा नये. लावल्यावर लगेच हलकं पाणी, मग तिसऱ्या दिवशी. पहिला महिना खतापेक्षा तण काढायकडं बघा. आणि दहा टक्के रोपं सावलीत शिल्लक ठेवा, तुटाळ, म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, भरायला.